घोड्याच्या शेपटीपासून तंगुसापर्यंत: ट्राउटच्या दोरीची गोष्ट

आपल्या इतिहासाच्या सदरात आजवर किल्ले झाले, गलबतं झाली, मसाल्याचा व्यापार झाला. आजचा विषय त्या मानाने फारच बारीक आहे. किती बारीक? मिलिमीटरचा जेमतेम सातवा हिस्सा. ट्राउट मासा ज्या दोरीने धरतात, त्या दोरीचा हा इतिहास आहे.

विषय सुचला बाबांमुळे. गेल्या मे महिन्यात आई-बाबा आमच्याकडे हॅम्पशरला आले होते. बाबांचं लहानपण रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठी गेलं. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि गरवायला पळायचं, असा त्यांचा दिनक्रम. इथे वाढलेल्या मुलांसाठी सांगते, गरी म्हणजे गळ, आणि गळ टाकून मासे धरणं म्हणजे गरवणं. बाबांचं सगळं सामान एका फळकुटावर मावायचं. त्याला गुंडाळलेला जाड तंगूस, टोकाला शिसं, त्याखाली गळ, गळाला कोलंबी. काठी नाही, रीळ नाही. बोटावर तंगूस धरून बसायचं, हिसका बसला की ओढायचं.

तर आम्ही त्यांना घेऊन जवळच्या एका छोट्या तळ्यावर गेलो. दिवसाचं तिकीट काढायचं आणि ट्राउट धरायचे, अशी ही तळी इथे पुष्कळ आहेत. सरकारी रॉड लायसन्स वेगळं काढावं लागतं, तेही एका दिवसाचं मिळतं. माझी मुलगी अकरा वर्षांची, तिला लागत नाही, तेरा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. तिथल्या दुकानदाराने बाबांच्या हातात एक छोटंसं रीळ ठेवलं. वर लिहिलेलं ‘५ एक्स’. बाबांनी ती दोरी अंगठा आणि बोटात चोळली, उजेडात धरली, थोडी ताणून बघितली आणि मला विचारलं, “अगं, हा काय तुटायचा म्हणूनच बांधायचा?”

मी त्यांच्या समाधानासाठी दुसरा, चांगला दणकट पंधरा पौंडी तंगूस घेतला. दुपारभर आम्ही बसलो. पाणी असं स्वच्छ, की तळाचे खडे मोजावेत. ट्राउट येत होते, आमच्या माशीपाशी थांबत होते, बघत होते आणि सावकाश वळून जात होते. बाबांना याचं फार वाईट वाटलं. मासा आलाच नाही तर माणूस समजू शकतो, पण बघून परत गेला म्हणजे अपमानच की. शेवटी तो बारीक ५ एक्स लावला. दहा मिनिटांत मासा लागला. बाबांनी काठी बाजूला कलवली, दोरी मुठीत धरली, खाडीवर ओढायचे तशी ओढली, आणि ती तुटली. मुलगी हसली. बाबा हसले नाहीत. गाडीत बसल्यावर म्हणाले, “ज्या लोकांनी एवढं जग जिंकलं, त्यांना एक धड दोर करता येईना?”

हा प्रश्न मला सोडेना. आई-बाबा परत गेल्यावर मी ग्रंथालयातून पुस्तकं आणून वाचत बसले, आणि लक्षात आलं की साडेपाचशे वर्षं या देशातले लोक याच प्रश्नाशी झगडत आले आहेत. दणकट दोर करणं त्यांना कधीच अवघड नव्हतं. अवघड होतं ते दणकट असूनही नसल्यासारखा दोर करणं.

आधी हे समजून घेऊ की ट्राउटला बारीक दोरी का लागते. खाडीचं पाणी गढूळ. तिथला मासा वासाने येतो आणि आमिष खरं असतं. ट्राउटला लागतं थंड, वाहतं, स्वच्छ पाणी. आमच्या भागातल्या टेस्ट आणि इचेन या नद्या खडूच्या डोंगरांतून झिरपून येतात. पाणी गाळून आल्यासारखं असतं आणि झऱ्यापाशी बारा महिने साधारण दहा अंशांवर. अशा पाण्यात मासा डोळ्याने शिकार करतो. वरून वाहत येणारे किडे, चिलटं टिपतो. म्हणून माणसाने गळावर पीस आणि धागा गुंडाळून खोटी माशी केली. माशाला माशी, आपल्या भाषेत ही गंमत आयतीच आहे. पण ही खोटी माशी पाण्यावर खऱ्या किड्यासारखी, प्रवाहाच्या मर्जीने वाहिली पाहिजे. जाड दोरी तशी वाहू देत नाही. ती ताठ असते, प्रवाह तिला एका बाजूने ढकलतो, आणि ती माशीला ओढत नेते. मासा दोरी बघून पळतो असं सगळे म्हणतात, पण माझ्या मते दोरी दिसण्यापेक्षा हे ओढणं जास्त घात करतं.

आता मागे जाऊ. १४९६ साली, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोचायच्या दोन वर्षं आधी, लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला विंकिन द वर्ड नावाच्या मुद्रकाने शिकारीच्या एका ग्रंथात गळाने मासे धरण्यावरचं एक प्रकरण छापलं. इंग्रजीत या विषयावरचं हे पहिलं छापील लेखन. ते ज्युलियाना बर्नर्स नावाच्या एका जोगिणीच्या नावावर आहे, पण ते खरोखर तिनेच लिहिलं का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. कोणीही लिहिलेलं असो, लिहिणाऱ्याचे हात पाण्यात भिजलेले होते हे नक्की.

त्या काळी दोरी व्हायची घोड्याच्या शेपटीच्या केसांची. व्हायोलिनच्या गजाला आजही ज्या केसांच्या बटा लावतात, त्याच. पांढऱ्या घोड्याचे लांब, गोल, एकसारखे केस निवडायचे, दोन-तीन-चार एकत्र घेऊन पीळ द्यायचा आणि असे तुकडे एकापुढे एक गाठी मारून जोडायचे. त्या पुस्तकात चक्क एक कोष्टकच आहे, कोणत्या माशाला किती केस. अगदी चिमुकल्या मिनोला एक. ट्राउटला नऊ. मोठ्या ट्राउटला बारा. सामनला पंधरा. आज दुकानात रिळांवर जे पौंड आणि एक्स लिहिलेले असतात, त्यांचा पणजोबा म्हणजे हे केसांचं कोष्टक.

मला त्याहून आवडला तो रंगांचा भाग. पाणी ऋतूप्रमाणे रंग बदलतं, म्हणून दोरीही बदलायची. उन्हाळ्याच्या स्वच्छ पाण्यासाठी हिरवी, शरदात पाणवनस्पती पिवळ्या पडल्या की पिवळी, गढूळ संथ पाण्यासाठी तपकिरी. दीडशे वर्षांनंतरच्या पुस्तकातही केस रंगवायची कृती मिळते. बिअर, काजळी, अक्रोडाच्या पानांचा रस आणि तुरटी. आपल्याकडचे कोळी सुती आणि तागाची जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळायचे, त्याची आठवण होते. त्यांचा हेतू मुख्यतः जाळं कुजू नये हा, इथे हेतू लपण्याचा. पण चुलीवर ठेवलेलं रंगाचं भांडं आणि त्यावरून घरातल्या बाईची होणारी कटकट दोन्हीकडे सारखीच असणार!

केसाला एक मोठा गुण होता. तो ताणतो. मासा हिसका देतो तेव्हा थोडा लांब होऊन तो हिसका पोटात घेतो. दोष असा की एका केसाची ताकद साधारण अर्धा किलोच्या घरातली. आणि दोरी काठीच्या टोकालाच बांधलेली, कारण रीळ इंग्लंडमध्ये दिसायला लागलं ते सतराव्या शतकात. मग मोठा मासा लागला आणि पळाला तर करायचं काय? आयझॅक वॉल्टन हा लंडनचा दुकानदार, १६५३ साली आलेल्या त्याच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या पुस्तकाच्या आजवर असंख्य आवृत्त्या निघाल्या. त्याने यावर उपाय दिला आहे: काठीच पाण्यात सोडून द्यायची. मासा काठी ओढत हिंडतो, दमतो, मग जाऊन काठी उचलायची. हे मी बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “आणि काठी बुडाली तर?”

वॉल्टनचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन. डर्बीशरच्या डव्ह नदीकाठचा जमीनदार, कर्जबाजारी, पण माशीच्या बाबतीत पक्का. १६७६ साली त्याने वॉल्टनच्या पुस्तकाला दुसरा भाग जोडला. त्याचा आग्रह असा, की काठीकडून माशीकडे येताना केस कमी कमी करत यायचे आणि माशीपाशी फक्त दोन उरले पाहिजेत. एक केस फार नाजूक, तीन नको इतके. दोन केसांवर मोठा ट्राउट बाहेर काढता आला नाही तर दोष दोरीचा नाही, धरणाऱ्याचा, असं त्याचं रोखठोक मत होतं.

इथे बाबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. दोरी सगळीकडे सारखी नसते. मागे जाड, पुढे बारीक, आणि सगळ्यात कमकुवत तुकडा मुद्दाम माशाजवळ. तुटलीच तर तिथे तुटावी, म्हणजे माशाच्या तोंडात एक गळ आणि थोडासा दोरा राहतो, अख्खी दोरी नाही. आणि ताकद दोरीत शोधायची नसते, ती वाकणाऱ्या काठीत असते. बाबांनी नेमकी काठीच बाजूला सारली होती.

कॉटन केस मोजत होता, त्याच सुमारास दुसरा शोध चाललेला. सॅम्युअल पीप्स, आरमाराच्या कचेरीतला अधिकारी, ज्याच्या डायरीत मुंबई बेटाबद्दलही नोंदी आहेत आणि त्या फारशा कौतुकाच्या नाहीत, त्याने १६६७च्या मार्चमध्ये लिहून ठेवलं, की वाद्याची वार्निश केलेली तात गळाला लावली तर बारीकपणात आणि ताकदीत ती केसाला मागे टाकते, असं एकाने त्याला सांगितलं. तात म्हणजे आतड्याची दोरी. पिंजारी खांद्यावर धनुकली घेऊन दारात यायचा, त्या धनुकलीला असायची ती.

पण ट्राउटची दोरी बदलली ती दुसऱ्याच एका तातीने. ही रेशमाच्या किड्याची. इंग्रजी पुस्तकांत तिचा उल्लेख १७२४ साली येतो, आणि पुढची दोनशे वर्षं तिचंच राज्य होतं. ती यायची मुख्यतः स्पेनच्या आग्नेय भागातल्या मुर्सियाहून.

तिची कृती ऐकताना जरा मन घट्ट करा. रेशमाचा किडा तुतीचा पाला खाऊन फुगतो आणि कोष विणायच्या तयारीला लागतो. नेमक्या त्या वेळी त्याला उचलून व्हिनेगरमध्ये टाकायचा. काही तासांनी बाहेर काढून चिरायचा. आत रेशमाच्या दोन पिशव्या असतात, दाट चिकट द्रवाने भरलेल्या. एकेक पिशवी दोन्ही हातांनी धरून सावकाश ताणायची. हवा लागली की ती घट्ट होते आणि हाती येतो एक सलग, काचेसारखा तंतू. लांबी हातभर, फार तर थोडी जास्त. एका किड्याचे दोन तुकडे. मग ते वाळवायचे, साबणाच्या पाण्यात उकळून वरची पिवळट साल काढायची, जाडीप्रमाणे निवडायचे, जुड्या बांधायच्या. निवडण्याचं काम बायका-मुलींकडे असे. सगळ्यात जाड त्या सामनला, सगळ्यात बारीक त्या ट्राउटला. उरलेल्या जुड्या इस्पितळात जात, कारण शस्त्रक्रियेनंतर टाके घालायलाही हीच तात वापरत. इंग्लंडच्या हिरव्या काठावर टोपी घालून उभ्या असलेल्या साहेबाच्या दोरीच्या टोकाचा हातभर भाग, आणि स्पेनमधल्या एखाद्या पोरीच्या बोटांना येणारा व्हिनेगरचा वास, या दोन गोष्टी एकाच गाठीने बांधलेल्या होत्या. त्या काळच्या मासेमारीच्या पुस्तकांत साहेब भरपूर भेटतात, ती पोर भेटत नाही.

नैसर्गिक तात पुरेशी बारीक नसे, म्हणून ती धातूच्या पट्टीतल्या भोकांतून ओढून तासत. सोनार तार जंतरातून ओढतो तसंच. एकदा ओढली की १ एक्स, दोनदा ओढली की २ एक्स. बाबांच्या हातातल्या रिळावरचा ५ एक्स इथून आला आहे! आज कोणी काही तासत नाही, दोरी यंत्रातून हव्या त्या जाडीची निघते, पण मोजमाप तेच राहिलं. एक्सचा आकडा वाढला की दोरी बारीक होते, हा उलटा हिशेब नव्या माणसाला का गोंधळात टाकतो ते आता कळेल. सोपी युक्ती सांगते: अकरातून एक्सचा आकडा वजा करा. उरेल तितके हजारांश इंच जाडी. ५ एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, म्हणजेच आपला तो मिलिमीटरचा सातवा हिस्सा.

तातीचे नखरे फार. कोरडी असताना ठिसूळ, गाठ मारायला गेलं की मोडते. म्हणून आदल्या रात्री भिजत घालायची आणि नदीवर ओल्या फडक्यात, पत्र्याच्या डबीत घालून न्यायची. उन्हाने खराब होते म्हणून अंधारात ठेवायची. आपल्याकडे पापडाच्या पिठालासुद्धा एवढं जपत नाहीत.

एवढं झालं माशीजवळच्या तुकड्याचं. मागच्या मुख्य दोरीत बदल झाला तो एकोणिसाव्या शतकात. विणलेल्या रेशमाची दोरी आली आणि तिला जवसाच्या तेलाचे थर चढवू लागले. एक थर, वाळवणं, घासणं, पुन्हा थर. उत्तम दोरीसाठी हवा काढून घेतलेल्या भांड्यात तेल मुरवत, म्हणजे रेशमाच्या गाभ्यापर्यंत जाईल. ही दोरी जड आणि तुळतुळीत. घोड्याच्या केसाची दोरी वाऱ्यावर सोडून द्यावी लागे, ही वाऱ्याच्या तोंडावर फेकता येऊ लागली. माशी इतकी हलकी असते की तिला फेकताच येत नाही, आपण फेकतो ती दोरी आणि माशी तिच्यामागून जाते. फ्रेडरिक हालफर्डने १८८६ साली टेस्ट नदीच्या अनुभवावर तरंगत्या माशीचं शास्त्र लिहिलं, त्यामागे ही दोरी होती. तिची सेवाही तशीच. सकाळी चरबी चोळायची म्हणजे तरंगेल, संध्याकाळी रिळावरची सगळी उलगडून वाळत घालायची, नाहीतर रेशीम कुजतं. इथल्या जुन्या घरांत परसात दोरी वाळत घातलेल्या आजोबांच्या आठवणी अजून ऐकायला मिळतात.

मग नायलॉन आलं. ड्युपाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करॉथर्सच्या गटाने ते १९३५ साली तयार केलं. कंपनीने जगाला सांगितलं ऑक्टोबर १९३८मध्ये. करॉथर्स तोपर्यंत हयात नव्हता, १९३७च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. पहिला माल निघाला तो दात घासायच्या ब्रशांच्या केसांचा, मग बायकांचे मोजे. मासेमारीची दोरीही लगेच पुढच्या वर्षी आली. तिकडे स्पेन यादवी युद्धात होरपळत होतं आणि त्यामागोमाग महायुद्ध. तातीचा पुरवठा आटला. युद्ध संपल्यावर नायलॉन परत आलं ते परत न जाण्यासाठीच. पन्नाशीच्या दशकाअखेर मुर्सियाचा दोनशे वर्षांचा धंदा जवळपास बसला होता. तुतीचे मळे, किड्यांच्या परड्या, निवडणाऱ्या बायका, सगळं एका रासायनिक धाग्यापुढे. किड्यांच्या बाजूने बघितलं तर सुटका झाली म्हणायची. बायकांच्या बाजूने बघितलं तर रोजगार गेला.

जुन्या लोकांनी नायलॉनला नावं ठेवली. ताठ आहे, स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि मुख्य म्हणजे गाठ सुटते. तातीच्या गाठी या गुळगुळीत धाग्यावर घसरत होत्या. तक्रार खरी होती. नव्या धाग्यासाठी जास्त वेढ्यांच्या गाठी रूढ झाल्या, आणि गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करायची सवय अंगवळणी पडली. कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि तिथेच कच्ची होते. मुलीला मी ही गोष्ट शिकवली आहे. ती थुंकायची परवानगी मिळाली म्हणून खूश आहे.

मागची दोरीही बदलली. १९५०च्या दशकात अमेरिकेत मिशिगनमध्ये प्लॅस्टिकचा थर असलेल्या दोऱ्या निघाल्या. वाळवायला नको, चरबी नको. पण त्यांनी एक घोळ केला. रेशमाच्या दोऱ्या जाडीवरून ओळखत, एकेका जाडीला एक अक्षर. रेशीम एकाच वजनाचं, तेव्हा जाडी सांगितली की वजन कळायचं. प्लॅस्टिकमध्ये तसं नाही, सारख्या जाडीच्या दोन दोऱ्यांचं वजन वेगळं निघायला लागलं आणि काठीला कोणती लावावी हे कळेना. म्हणून साठच्या दशकाच्या सुरुवातीला वजनाचे क्रमांक ठरले. पहिल्या तीस फुटांचं वजन बघायचं. पाच नंबर म्हणजे १४० ग्रेन, साधारण नऊ ग्रॅम. दुकानातल्या काठीवर ५ लिहिलेलं असेल तर पाच नंबरची दोरी लावायची, एवढं कळलं तरी नवशिक्याचे पैसे वाचतात.

१९७१ साली जपानच्या कुरेहा कंपनीने फ्लुओरोकार्बनची दोरी आणली. पाणी प्रकाश जितका वाकवतं, त्याच्या नायलॉनपेक्षा जवळ जाणारा हा पदार्थ, म्हणून पाण्यात कमी दिसतो. जड आहे, बुडतो, पाणी पीत नाही. बर्नर्सबाईंच्या हिरव्या-पिवळ्या केसांचा शोध इथे येऊन ठेपला.

नायलॉन आपल्याकडेही पोचलं. साठच्या दशकापासून आपल्या किनाऱ्यावरची सुती आणि तागाची जाळी जाऊन नायलॉनची आली, सालीच्या काढ्याची भांडी थंड झाली. बाबांच्या हातात तंगूस आला तो त्याच लाटेत. त्यांचे आजोबा सुताच्या दोरीने गरवायचे, ती दर पावसाळ्यानंतर नवी करावी लागे. तंगूस कुजत नाही, याचं बाबांना अजून अप्रूप आहे.

आणि घोटाळा नेमका तोच आहे. घोड्याचा केस नदीत राहिला तर सडतो, रेशीम कुजतं. तातीचा त्रास किड्याला आणि बाईला होता, रेशमी दोरीचा कष्ट मालकाला. नायलॉन आणि फ्लुओरोकार्बन यांनी माणसाचे कष्ट संपवले आणि ओझं नदीवर टाकलं. झुडपात अडकलेली वीतभर दोरी वर्षानुवर्षं तिथेच राहते आणि पक्ष्यांच्या पायात, चोचीत गुरफटते. इथे हा धडा आधी शिशावरून शिकावा लागला. दोरीला लावलेले शिशाचे मणी खाऊन हंस मरत होते, म्हणून १९८७पासून ब्रिटनमध्ये छोट्या शिशाच्या वजनांवर बंदी आली. दोरीवर बंदी घालता येत नाही. काही दुकानांत जुनी दोरी परत घ्यायचे डबे ठेवलेले असतात, ते शोधा.

आता उन्हाळ्यात मुलांना घेऊन जाणार असाल तर माझा हिशेब सांगते. छोट्या स्वच्छ ओढ्यावर, वर तरंगणारी माशी असेल तर नायलॉनच घ्या, ५ एक्स. फ्लुओरोकार्बन बुडतं आणि माशीलाही बुडवतं. पाण्याखालून ओढायची माशी असेल तर फ्लुओरोकार्बन चांगलं. तळ्यात सोडलेले रेनबो ट्राउट मोठे आणि दांडगे असतात, तिथे सहा-आठ पौंडांखाली जाऊ नका. हा मासा मुळात कॅलिफोर्नियाकडचा, इथे आला १८८०च्या दशकात. फार बारीक दोरी लावून शौर्य दाखवणारे लोक भेटतात, त्यांचं ऐकू नका. बारीक दोरीवर मासा फार वेळ खेळवावा लागतो, तो दमून अर्धमेला होतो, आणि गरम दिवसांत पाण्यात सोडल्यावरही जगत नाही. पाणी वीस अंशांवर गेलं की ट्राउटला तशीही धाप लागते. म्हणून तर इंग्रजांनी १९००च्या सुमारास ट्राउटची अंडी काश्मीरला नेली, पुढे नीलगिरीच्या थंड पाण्यातही तो रुजवला, पण आपल्या सह्याद्रीत तो नाही.

जाण्याआधीच्या शेवटच्या रविवारी बाबा परत त्या तळ्यावर आले होते. या वेळी त्यांनी काठी सोडली नाही. मासा पळाला की मुलगी ओरडायची, “आबा, जाऊ दे, जाऊ दे!” आणि बाबा दात-ओठ खात जाऊ द्यायचे. एक ट्राउट मिळाला, सव्वा किलोचा. आईने त्याला हळद-तिखट-मीठ लावून, रव्यात घोळवून तळला आणि बांगड्याची सर नाही असा निकाल दिला.

५ एक्सचं उरलेलं रीळ बाबा बॅगेत घालून घेऊन गेले. खाडीवर त्याचा उपयोग शून्य, हे त्यांनाही माहीत होतं. परवा आईचा फोन आला. तिची काळ्या मण्यांची पोत तुटली होती, ती तिने त्या दोरीत ओवली. म्हणाली, “छान बारीक आहे गं, मण्यात दिसतसुद्धा नाही. पण मेली गाठ सुटते.”

मी तिला सांगितलं, थुंकी लावून आवळ.